सुधरून राहिला

२००८ सालच्या मार्चमधला रविवार. अमेरिकेतल्या राली शहरातल्या मोठ्या बंदिस्त स्टेडियममध्ये कॉलेज बास्केटबॉलचे सामने बघायला आम्ही दोघं अगदी वरच्या रांगेत बसलो होतो. नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणाला तरी ऐनवेळी जमलं नाही, म्हणून दोन तिकिटं आमच्याकडे आली होती. चहूकडे फिकट निळा रंग. ही सगळी मंडळी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठासाठी आलेली. पण त्या दिवशी त्याच मैदानावर डेव्हिडसन नावाचं एक लहानसं कॉलेजही खेळत होतं. दोन हजारांच्या आतच विद्यार्थी असलेलं, शार्लट शहराजवळचं. समोर जॉर्जटाऊनसारखा बलाढ्य संघ. दुसऱ्या डावाच्या सुरुवातीला डेव्हिडसन सतरा गुणांनी मागे पडलं होतं. आणि मग त्यांच्यातला एक सडपातळ, शाळकरी वाटणारा पोरगा लांबून टाकायला लागला. उत्तरार्धात त्याने एकट्याने पंचवीस गुण केले. डेव्हिडसन ७४-७० असं जिंकलं, तेव्हा आमच्या आजूबाजूचे फिकट निळे सदरे उभं राहून परक्या संघासाठी ओरडत होते. मीही ओरडत होते. स्टेफन करी हे नाव मी त्या आठवड्यात पहिल्यांदा ऐकलं.

घरी आल्यावर दादाला फोन लावला. नागपुरात पहाट झाली होती, तो मैदानावर निघायच्या तयारीत होता. मी सगळं वर्णन करून सांगितलं. तो ऐकत राहिला आणि मग त्याने एकच विचारलं, "कितव्या वर्षाला आहे?"

"दुसऱ्या."

"आन् आता सोडणार का कॉलेज?"

इथल्या पेपरांतही तेच चाललं होतं. मी म्हटलं, "कुणास ठाऊक. घाई करू नये म्हणतात."

दादा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पोरगा सुधरून राहिला ना अजून? मग विचारायचं ते वेगळंच असते."

नागपूरकडचं नसेल त्याला हे 'सुधरून राहिला' म्हणजे काय ते सांगायला हवं. पुण्याचा माणूस 'सुधारतोय' म्हणेल. आमच्याकडे 'करून राहिला', 'जाऊन राहिला', 'सुधरून राहिला'. क्रिया चालू आहे, अजून संपलेली नाही. मला लहानपणापासून सवयीचा असलेला हा प्रयोग त्या दिवशी पहिल्यांदाच कानाला वेगळा लागला, कारण त्यात 'राहिला' आहे. सुधारतो आहे, आणि राहिला आहे. अमेरिकेतल्या प्रत्येक चांगल्या कॉलेज खेळाडूपुढे दर वसंतात हाच प्रश्न असतो: सुधारत असताना कॉलेजात राहायचं, की एनबीएत, म्हणजे तिथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, खेळायला निघायचं?

दादाने तो प्रश्न स्वतः सोडवलेला होता, १९८५ साली.

आम्ही तेव्हा धरमपेठेत राहायचो. बाबा बँकेत होते. दादा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, आणि उरलेला सगळा वेळ सिमेंटच्या कोर्टवर. उंची सहा फूट दोन इंच. फार नैसर्गिक खेळाडू नव्हता, पण दर सहा महिन्यांनी त्याच्या खेळात काहीतरी नवं दिसायचं. आधी डावा हात नव्हता, मग डावा हात आला. मग मागे पाऊल टाकून उडी घेणं आलं. त्याला रेल्वेकडून खेळाडू कोट्यातल्या नोकरीसाठी बोलावणं आलं तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. तिकीट तपासनीस, भुसावळ. बाबा म्हणाले, "आधी पदवी हातात येऊ दे, रेल्वे कुठे पळून जात नाही." पण रेल्वेतल्या जागा पळून जातात, हे दादाला त्याच्या सीनियर पोरांनी सांगितलेलं होतं. तो गेला. आईने डबा बांधून दिला. बाबा आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत, आणि पुढचे पाच महिने त्याच्याशी बोलले नाहीत.

मी तेव्हा चौदा वर्षांची होते आणि मला बाबांचं पटत होतं. पदवी अर्धवट टाकणं ही आमच्या घरात जवळजवळ पाप समजली जाणारी गोष्ट होती. पुढे १९८८ साली मला पुण्यात अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला. वसतिगृह, मेस, पुस्तकं, यांचे पैसे दर महिन्याला भुसावळहून मनिऑर्डरने यायचे. माझी पदवी त्याच्या अर्धवट पदवीवर उभी आहे. म्हणून इथे कुणी टीव्हीवर बसून, 'या मुलांनी पैशाच्या मागे न लागता शिक्षण पूर्ण करावं,' असं म्हणालं की मला राग येतो. त्यांना पैशाच्या मागे लागणं म्हणजे काय ते कळलेलंच नाही, असं वाटतं.

स्पेन्सर हेवूडला ते कळत होतं. मिसिसिपीतल्या सिल्व्हर सिटी नावाच्या गावात लहानपणी कापूस वेचलेला मुलगा. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये त्याने अमेरिकेसाठी सुवर्णपदक जिंकलं. पण एनबीएचा तेव्हाचा नियम असा होता की शाळा संपल्यापासून चार वर्षं होईपर्यंत कुणालाही व्यावसायिक संघात घ्यायचं नाही. हेवूडने सिएटलच्या संघाशी करार केला, लीगने हरकत घेतली, प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९७१ साली निकाल हेवूडच्या बाजूने लागला आणि नियमाला खिंडार पडलं. त्यानंतर लीगने काय करावं? 'हलाखी'ची अट घातली. घरची परिस्थिती बिकट आहे असं दाखवा, मग लवकर येऊ देऊ. ही अट १९७६ पर्यंत होती. मी जेव्हा जेव्हा तिच्याविषयी विचार करते तेव्हा मला ती फार अपमानास्पद वाटते. वीस वर्षांच्या पोराने आपल्या कामाची मजुरी मागायला आधी आपली गरिबी सिद्ध करायची. त्याच वयाच्या गायकाला किंवा गवंड्याला असा दाखला कुणी मागत नाही.

आम्ही १९९९ साली रालीजवळच्या कॅरी गावात राहायला आलो. मराठी माणसं इथे पुष्कळ. गणपतीला मोठा मंडप पडतो. पण गावाचा खरा धर्म बास्केटबॉल आहे, हे पहिल्याच वसंतात कळलं. एका बाजूला चॅपेल हिलमधलं नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ, फिकट निळं. दुसऱ्या बाजूला डरहॅममधलं ड्यूक विद्यापीठ, गडद निळं. दोघांत जेमतेम दहा मैल. त्याच १९९९ च्या उन्हाळ्यात ड्यूकचे तीन खेळाडू मुदतीआधी निघाले होते आणि दुकानात, ऑफिसात, पोस्टाच्या रांगेत तेवढाच विषय होता. प्रशिक्षक शशेवस्कींच्या हाताखालून तोवर असं कुणी गेलेलं नव्हतं. एल्टन ब्रँड दोन वर्षं खेळून निघाला, ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ दर वर्षी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, पहिला गेला आणि पुढच्याच वर्षी नवोदितांमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब त्याने विभागून मिळवला. विल्यम अॅव्हरीही दोन वर्षांनी निघाला, चौदावा गेला. मिनेसोटाच्या संघात तीन हंगाम बहुतेक बाकावर काढले आणि तिथे त्याची एनबीए संपली. एकाच संघातले, एकाच वर्गातले, एकाच महिन्यात निघालेले दोघं. म्हणून 'लवकर जावं की नाही' याला एक उत्तर नाही. पण ज्या मुलाचा खेळ अजून वाढतो आहे, त्याच्यापुरतं तरी काही ठामपणे सांगता येतं असं मला वाटतं, आणि ते मला चॅपेल हिलच्या डीन स्मिथ यांच्याकडे पाहून सुचलं.

स्मिथ १९६१ ते १९९७ तिथे प्रशिक्षक होते. ८७९ सामने जिंकले. मी आले तेव्हा ते निवृत्त झालेले होते, पण त्यांच्याबद्दल लोक आपल्याकडे एखाद्या जुन्या हेडमास्तरांविषयी बोलतात तसं बोलायचे. त्यांची रीत अशी होती. हंगाम संपला की ते स्वतः एनबीएच्या संघांना फोन करायचे आणि सरळ विचारायचे: माझा अमुक मुलगा आत्ता आला तर तुम्ही त्याला कितव्या क्रमांकावर घ्याल? उत्तर वरच्या क्रमांकाचं आलं तर मुलाला सांगायचे, जा. १९७२ साली बॉब मॅकाडू चॅपेल हिलला एकच वर्ष खेळून दुसऱ्या क्रमांकावर गेला. १९८२ साली जेम्स वर्दी विजेतेपद मिळवून पहिल्या क्रमांकावर गेला. १९८४ साली मायकेल जॉर्डन.

जॉर्डनच्या बाबतीत आज सगळं उघड वाटतं. पण तेव्हा तो तिसऱ्या वर्षाचा, विल्मिंग्टनचा, दर वर्षी थोडा थोडा वाढत गेलेला खेळाडू होता. शाळेत दुसऱ्या वर्षी त्याला मुख्य संघात जागा मिळालेली नव्हती. विद्यापीठात पहिल्याच वर्षी जॉर्जटाऊनविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने विजयी बास्केट टाकलं खरं, पण त्या संघाचा आधारस्तंभ वर्दी होता. आणखी एक वर्ष थांबला असता तर स्मिथना आणखी एक विजेतेपद मिळालं असतं, असं गावातले म्हातारे अजून म्हणतात. आईची इच्छा त्याने पदवी घेऊन जावं अशी होती. स्मिथनी जा सांगितलं. त्याचं जाणं म्हणजे स्मिथचंच सगळ्यात मोठं नुकसान. मला यात सगळ्यात महत्त्वाचं हेच दिसतं: ज्याचं नुकसान होणार आहे त्याने दिलेला सल्ला. जॉर्डन तिसऱ्या क्रमांकावर गेला आणि पुढे उन्हाळी वर्गांना येऊन भूगोलाची पदवी त्याने पूर्ण केली.

भूगोल! आमच्या बाबांना हे कळलं असतं तर किती बरं वाटलं असतं.

पदवीवरून व्हिन्स कार्टरची आठवण निघते. तोही चॅपेल हिलचा, तीन वर्षांनी १९९८ साली निघालेला, आणि आईला दिलेला शब्द पाळत उन्हाळ्यात अभ्यास करत राहिलेला. २० मे २००१ ला सकाळी चॅपेल हिलला पदवीदान होतं आणि त्याच दिवशी फिलाडेल्फियात त्याच्या टोरांटो संघाचा सातवा, निर्णायक सामना. तो सकाळी झगा घालून पदवीदानाला बसला आणि मग विमानाने फिलाडेल्फियाला गेला. सामना शेवटच्या क्षणापर्यंत आला, शेवटचा चेंडू त्याच्याच हातात, आणि तो चुकला. टोरांटो एका गुणाने हरलं. लोकांनी कार्टरला किती बोल लावला! पदवीच्या कागदासाठी सामना घालवला म्हणाले. मी त्या वेळी इथे नवीन होते आणि अवाक झाले होते. शिकला नाही तर म्हणायचं शिक्षण सोडलं, शिकला तर म्हणायचं खेळाकडे दुर्लक्ष केलं. त्या मुलाने आईला दिलेला शब्द पाळला होता, आणि सामना खेळून शेवटी एक नेम चुकला होता. यापेक्षा जास्त कुणी कुणाकडून काय मागावं?

आता पैशाचं गणित सांगते, कारण ते समजल्याशिवाय या मुलांचे निर्णय समजत नाहीत.

ड्राफ्टला दोन फेऱ्या, एकूण साठ जागा. पहिल्या फेरीतल्या तीस जणांना पहिल्या दोन वर्षांचा पगार हमखास मिळतो, पुढच्या दोन वर्षांचा निर्णय संघाकडे. दुसऱ्या फेरीत निवड झाली तर अशी हमी नाही. १९९५ पासून नवोदितांचा पगार क्रमांकानुसार ठरलेल्या श्रेणीतच असतो. त्यामुळे खरी मोठी कमाई असते ती चार वर्षांनंतरच्या दुसऱ्या करारात. जो एकोणिसाव्या वर्षी आत जातो तो तेविसाव्या वर्षी तिथे पोचतो, जो बाविसाव्या वर्षी जातो तो सव्विसाव्या वर्षी. आणि गुडघा कधीही जाऊ शकतो. २०१९ च्या फेब्रुवारीत ड्यूकच्या झायन विल्यमसनचा बूट चॅपेल हिलविरुद्धच्या सामन्यात पहिल्याच मिनिटाला फाटला आणि तो गुडघा धरून खाली बसला, तेव्हा साऱ्या देशाने श्वास रोखला होता. तो बरा झाला, परत खेळला, पहिल्या क्रमांकावर गेला. पण त्या अर्ध्या मिनिटात, फुकट खेळणाऱ्या मुलाच्या गुडघ्यावर किती जणांचे पैसे लागलेले आहेत, ते सगळ्यांना दिसलं.

यात वयाचं आणखी एक विचित्र गणित आहे. दादाने ते एका वाक्यात सांगितलं होतं: "एकोणिसाव्या वर्षी चुकला तर म्हणतात, शिकेल. बाविसाव्या वर्षी तीच चूक केली तर म्हणतात, याला एवढंच येते." संघ आजच्या खेळाला फार कमी मोल देतात, त्यांचे पैसे असतात उद्याच्या खेळावर. उद्या जितका धूसर तितकी किंमत जास्त. चॅपेल हिलचा मार्व्हिन विल्यम्स २००५ साली पहिल्या वर्षाला होता. त्या विजेत्या संघात तो एकाही सामन्यात सुरुवातीच्या पाचांत नव्हता, दर वेळी बाकावरून उठून यायचा. आणि ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेला! ख्रिस पॉलच्याही आधी. इथल्या लोकांनी त्यावरून अटलांटाच्या संघाला खूप नावं ठेवली, विल्यम्सलाही ठेवली. तो पॉलइतका मोठा झाला नाही हे खरं. पण पंधरा वर्षं एनबीएत टिकला, दर उन्हाळ्यात चॅपेल हिलला येऊन वर्गात बसला आणि २०१४ साली पदवी घेतली. मी त्याला अपयशी म्हणायला कधीही तयार होणार नाही. आणखी दोन वर्षं राहिला असता तर त्याच्या खेळातल्या उणिवा सगळ्यांसमोर येऊन तो कदाचित पंधरावा गेला असता. किंवा खरोखर सुधारून पहिला गेला असता. हा जुगार त्याने खेळावा असं सांगणारे आपल्या खिशातलं काहीच लावत नसतात.

इतकं सगळं जाण्याच्या बाजूने बोलल्यावर मला आता राहणाऱ्यांविषयी बोलायचं आहे, कारण दादाची खरी गोष्ट तिथे आहे.

तो भुसावळला गेला आणि पहिली दोन वर्षं बाकावर बसला. संघात तीस-बत्तीस वर्षांचे तयार गडी होते, त्यांच्या पुढे याचा नंबर कुठे लागणार? सरावाला रोज जायचा, सामन्यात उतरायचा नाही. तिसऱ्या वर्षी संधी मिळाली तेव्हा, तो म्हणतो, हात तेच होते पण मधली वाढ थांबून गेली होती. "मी नागपुरात दर महिन्याला काहीतरी नवीन करून पाहत होतो. चुकत होतो, मार खात होतो, पुन्हा करत होतो. तिकडे चुकायलाच मिळालं नाही." अठ्ठाविसाव्या वर्षी गुडघा गेला. नोकरी राहिली, ती रेल्वेची देणगी, आणि त्याबद्दल तो कधी कुरकुरला नाही. पण मी एकदा विचारलं होतं, बाबांचं ऐकायला हवं होतं का? त्याने मान हलवली. "जाण्याचं दुःख नाही. मी विचारलं नाही, याचं आहे. मले खेळवणार किती, हे मी कुणालेच विचारलं नाही."

करीने नेमका हाच विचार केला. २००८ ला तो निघाला नाही. आपल्याला एनबीएत टिकायचं तर चेंडू खेळवणारा, संघ चालवणारा गार्ड व्हायला हवं, हे त्याला कळत होतं, आणि ते शिकायची मुभा डेव्हिडसनमध्ये होती. तिसऱ्या वर्षी त्याने ती जागा घेतली. डेव्हिडसनचा तो हंगाम आधीच्यासारखा झाला नाही. देशाच्या मुख्य स्पर्धेत त्यांना जागाही मिळाली नाही. करी मात्र सामन्यामागे २८.६ गुणांच्या सरासरीने देशात पहिला आला, चेंडू सांभाळायला शिकला, आणि मग निघाला. २००९, सातवा क्रमांक. विजेतेपदाच्या दृष्टीने पाहिलं तर ते वर्ष वाया गेलं. त्याच्या वाढीच्या दृष्टीने पाहिलं तर त्या वर्षावर पुढचं सगळं उभं आहे.

त्याच २००८ च्या वसंतात चॅपेल हिलचे तिघं, टाय लॉसन, वेन एलिंग्टन आणि डॅनी ग्रीन, ड्राफ्टला नाव देऊन चाचपून आले आणि मुदत संपताना परत फिरले. गावात दिवाळीसारखा आनंद. २००९ साली डेट्रॉइटला मिशिगन स्टेटला ८९-७२ असं हरवून त्यांनी विजेतेपद आणलं. ड्राफ्टमध्ये लॉसन अठरावा, एलिंग्टन अठ्ठाविसावा, ग्रीन दुसऱ्या फेरीत, सेहेचाळिसावा. ग्रीनला पहिल्या संघाने वर्षभरात सोडून दिलं. मग सॅन अँटोनियोने त्याला उचललं, सोडलं, पुन्हा घेतलं, घडवलं. तीन वेगवेगळ्या संघांकडून तो तीनदा एनबीए विजेता झाला: २०१४, २०१९, २०२०. चार वर्षं कॉलेजात राहूनही तो सुधरून राहिलेलाच होता. कॉलेज संपलं म्हणून वाढ संपत नाही, आणि कॉलेज सोडलं म्हणून ती आपोआप सुरूही होत नाही. ती चालू राहायला रोजची मिनिटं लागतात, चुकायची परवानगी लागते, आणि शेजारी बसून 'इथे चुकलं' असं सांगणारा कुणीतरी लागतो. ते जिथे मिळेल तिथे त्या मुलाने जावं. ते कॉलेजात मिळत असेल तर राहावं, नसेल तर एकोणिसाव्या वर्षीही निघावं. पहिल्या फेरीची खात्री नसताना, कोणत्या बाकावर बसायला मिळणार हेही माहीत नसताना निघणाऱ्या मुलांसाठी माझा जीव तुटतो.

सिम भुल्लरच्या वेळी तुटला होता. कॅनडातल्या पंजाबी घरातला, साडेसात फुटांच्या जवळ पोचलेला मुलगा. न्यू मेक्सिको स्टेटला दोन वर्षं खेळून २०१४ साली निघाला आणि साठांत त्याचं नाव आलं नाही. खालच्या लीगमध्ये वर्ष काढल्यावर २०१५ च्या एप्रिलमध्ये सॅक्रामेंटोच्या संघाने त्याला दहा दिवसांचा करार दिला. त्या संघाचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. भुल्लर तीन सामन्यांत काही मिनिटं खेळला, भारतीय वंशाचा पहिला एनबीए खेळाडू ठरला, आणि तेवढंच. आमच्या ओळखीच्या सगळ्या देशी घरांत त्या दिवशी आनंद होता. मला सारखं वाटत होतं, अजून दोन वर्षं कॉलेजात रोज तीस तीस मिनिटं खेळायला मिळाली असती तर त्या प्रचंड देहाला थोडी गती आली असती का? त्याच वर्षी पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग डॅलसने बावन्नाव्या क्रमांकावर घेतला. चौदाव्या वर्षी घर सोडून फ्लोरिडात आलेला हा मुलगा कॉलेजात खेळलाच नाही, शाळेतून सरळ ड्राफ्टला आला. त्याला एनबीएचा एकही सामना खेळायला मिळाला नाही. दादा तेव्हा फोनवर म्हणाला होता, "एवढा मोठा पोरगा, आन् खेळवलंच नाही त्याले कुणी." त्याच्या आवाजात भुसावळ होतं.

इतक्या वर्षांत राहण्या-जाण्याचे पारडे पुष्कळ वर-खाली झाले आहेत. २००६ च्या ड्राफ्टपासून शाळा संपल्यावर किमान एक वर्ष थांबायची आणि एकोणिसाची अट आली, म्हणून एका वर्षाची पाहुणी मुलं वाढली. १ जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे घेता येऊ लागले, २०२५ पासून विद्यापीठं आपल्या कमाईतला थेट वाटाही देऊ लागली. परिणाम आकड्यांत दिसतो: २०२१ साली मुदतीआधी ड्राफ्टला नाव देणारे ३५३ होते, २०२५ साली १०६. मला याचा मनापासून आनंद आहे. राहणं म्हणजे उपाशी राहणं, हे आता उरलं नाही. चॅपेल हिलचा आर्मांडो बेकॉट पाच वर्षं राहिला, विद्यापीठाच्या इतिहासात सर्वाधिक रिबाउंड, म्हणजे नेम चुकून परत आलेले चेंडू पकडणं, त्याच्या नावावर, आणि कॉलेजात असतानाच चांगले पैसे मिळवले. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव आलं नाही. पंधरा वर्षांपूर्वी ही शोकांतिका झाली असती. आज ती तशी नाही. पण पैशाने एक प्रश्न सुटला तरी मिनिटांचा सुटत नाही. आता जास्त पैसे देणाऱ्या विद्यापीठात दर वर्षी बदली घेता येते, आणि तिथल्या बाकावरही बसावं लागू शकतंच.

करीने आपली राहिलेली पदवी २०२२ साली पूर्ण केली. पदवीधर झाल्याशिवाय कुणाच्याही जर्सीचा क्रमांक सन्मानाने निवृत्त करायचा नाही, असा डेव्हिडसनचा दंडक. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध खेळाडूपैकी एकासाठीही त्यांनी तो मोडला नाही. ऑगस्टअखेर त्याचा सोहळा झाला. मी तो पूर्ण पाहिला. झगा घातलेला चौतीस वर्षांचा करी पाहताना मला दादाची दुसऱ्या वर्षाची गुणपत्रिका आठवली. आईच्या कपाटात अजून आहे.

मागच्या हिवाळ्यात नागपूरला गेले होते. दादा संध्याकाळी पोरांना शिकवतो, त्याच सिमेंटच्या कोर्टवर. बोर्ड नवे झालेत, रिंगला जाळी आहे. त्यातल्या एका मुलाला नोकरी देणाऱ्या एका संघाकडून बोलावणं आलं होतं. एकोणीस वर्षांचा, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. वडील ऑटो चालवतात. पोरगा कोर्टच्या कडेला उभा राहून, कागद हातात धरून दादाकडे बघत होता. आंतरविद्यापीठ स्पर्धा दोन महिन्यांवर आली होती आणि दादाच्या संघात खऱ्या अर्थाने खेळणारा तोच एक होता.

दादाने त्याच्याकडून कागद घेतला, चष्मा वर करून खालचा नंबर वाचला आणि तिथेच उभ्या उभ्या फोन लावला. नाव सांगितलं, ओळख दिली. पगाराचं काहीच विचारलं नाही.

"कोच साहेब, एकच विचारायचं होतं," तो म्हणाला. "पोरगा सुधरून राहिला अजून. तुमच्याकडे आला तर पहिल्या वर्षी किती मिनिटं खेळवाल?"

पलीकडचा माणूस काहीतरी बोलत होता. दादा ऐकत होता. मुलगा चेंडू काखेत धरून उभा होता, आणि बाकीच्यांनी खेळ थांबवला होता.